दिव्याच्या गाडीने पोवळ्यांच्या गावी

सुट्ट्या जवळ आल्या की ठाण्यात नौपाड्यापासून डोंबिवलीत फडके रोडपर्यंत मालदीवच्या सहलींच्या जाहिराती दिसू लागतात. निळंशार पाणी, पांढरी वाळू आणि पाण्याखाली रंगीत प्रवाळ. ते पाहायला जाणाऱ्यांनी जरूर जावं. पण आपल्याच राज्यात प्रवाळ आहे आणि तिकडे जाणारी गाडी दिव्याहून सुटते, हे कल्याण-डोंबिवलीच्या किती घरांना ठाऊक आहे?

भल्या सकाळी निघणाऱ्या दिवा-सावंतवाडी गाडीला गणपतीत, शिमग्यात पाय ठेवायला जागा नसते. ठाणेकरांना मांडवी आहे, तुतारी आहे. कुडाळला उतरलं की मालवण तीसेक किलोमीटरवर. या गाड्यांनी वर्षानुवर्षं गावी जाणारी माणसं सिंधुदुर्ग किल्ला पाहतात, माशाचं जेवण जेवतात आणि परततात. किल्ल्याच्या तटाभोवतीच्या खडकांवर जिवंत पोवळी आहेत, तिकडे मात्र फार थोड्यांचं लक्ष जातं.

मालवणचं सागरी अभयारण्य 1987 मध्ये जाहीर झालं. क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर. आपल्या मासेमारीवर गदा येईल म्हणून स्थानिक मच्छीमारांनी त्याला विरोध केला, आणि तो समजून घ्यायलाच हवा. पिढ्यान् पिढ्या ज्या पाण्यावर चूल पेटली, त्यावर अचानक रेषा आखली तर कोण गप्प बसेल? आज त्याच मच्छीमार घरांतले तरुण पर्यटकांना मुखवटा, नळी लावून पाण्यात उतरवतात. प्रवाळ टिकला तर त्यांचा रोजगार टिकेल.

मालदीवसारखं आरपार पाणी इथे मिळत नाही. नद्या-खाड्यांचा गाळ समुद्रात येतो आणि पावसाळ्यात तर पाण्यात उतरणंच बंद असतं. हिवाळ्यात, वारा पडलेल्या सकाळी पाणी त्यातल्या त्यात निवळतं. तेव्हा गोनिओपोरा नावाचं पोवळं नीट पाहावं. दुरून ते तपकिरी गवताच्या गड्ड्यासारखं वाटतं. जवळ गेल्यावर एकेक जीव वेगळा दिसतो: लांबट देठ आणि टोकाला 24 इवल्या भुजा. पाणी ढवळलं तरी ते अंग चोरून घेतात. शेजारच्या पोराइट्सच्या दगडासारख्या गोळ्याची वाढ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर. फुटबॉलएवढा गोळा म्हणजे दहा वर्षांची कमाई, आणि नांगराचा एक फटका तो फोडायला पुरतो.

मासे जमावेत म्हणून पाव टाकण्याची पद्धतही तशीच घातक. पट्टेरी माशांची झुंबड उडते, फोटो छान येतो. पण खडकावरचं शेवाळ खाऊन पोवळ्यांना जागा मोकळी ठेवणं हे माशांचं खरं काम आहे.

वरून उष्णतेचं संकट आहेच. पाणी नेहमीपेक्षा अंशभर जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, की पोवळी आपल्या अंगातलं शैवाल बाहेर टाकतात. ती पांढरी पडतात, बहुतेक अन्न त्याच शैवालाकडून येत असल्याने उपाशी राहतात आणि पाणी लवकर निवलं नाही तर मरतात. 2024 मध्ये लक्षद्वीपमध्ये हे मोठ्या प्रमाणावर घडलं.

कायद्याने पोवळ्याला वाघाच्या बरोबरीने पहिल्या अनुसूचीत ठेवलं आहे. म्हणूनच मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात आलेल्या 18 वसाहती 2020 मध्ये परवानगी घेऊन दुसरीकडे हलवाव्या लागल्या. मालवणहून आठवण म्हणून एखादा तुकडा पिशवीत टाकणं हाही गुन्हाच.

तेव्हा या हिवाळ्यात गावी जाल तेव्हा एक सकाळ या पाण्यासाठी राखा. होडीवाल्या दादांना आधीच सांगा, "नांगर वाळूवर टाका, पाव नको." पाण्यात गेल्यावर खडकावर पाय टेकू नका, आणि सोबतच्या मुलांनाही तेवढं शिकवा.