न उघडलेले पाकीट

ऑक्टोबरच्या पहिल्या दहा दिवसांत दोन दिन येतात. पहिल्या सोमवारी जागतिक अधिवास दिन, संयुक्त राष्ट्रांनी 1986पासून पाळायला घेतलेला. दहा तारखेला जागतिक मानसिक आरोग्य दिन, 1992पासूनचा. एका दिवशी गृहनिर्माणवाले घरांविषयी बोलतात, दुसऱ्या दिवशी आरोग्यवाले मनाविषयी. व्यासपीठे वेगळी, बॅनर वेगळे, पुष्पगुच्छही वेगळे. घर आणि मन ही दोन्ही एकाच माणसाची एकाच वेळी जाऊ शकतात, हे मात्र दोन्हीकडच्या भाषणांत सहसा येत नाही. आज ते बोलू.

ही बाई कोण, हे सांगायला नाव लागत नाही. डोंबिवली, नालासोपारा, वाघोली, थेरगाव, कुठल्याही वस्तीत ती सापडेल. नवरा वारला, किंवा निघून गेला, किंवा तिनेच एके दिवशी मार खाणे थांबवून मुलांना घेऊन दार ओढून घेतले. वन आरके, अकरा महिन्यांचा करार, एक-दोन मुले, कपड्यांच्या दुकानातली नोकरी. घर मिळवताना एजंटने विचारले होते, ‘मिस्टर काय करतात?’ सोसायटीच्या सेक्रेटरीनेही तेच विचारले होते, जरा वेगळ्या नजरेने. तरी जमले. मग धाकट्याला डेंगी झाला, आठ दिवस खाडे पडले, दुकानदाराने दुसरी मुलगी ठेवली. पहिले भाडे थकले तेव्हा तिने फोन करून मुदत मागितली. दुसऱ्या महिन्यात ‘डिपॉझिटमधून कापा’ असा मेसेज केला. तिसऱ्या महिन्यात मालकाचा फोन आला की ती मोबाइल उशीखाली सरकवू लागली.

इथे मालक एक समजतो आणि घडत असते दुसरेच. फोन न उचलणे म्हणजे मुजोरी, टाळाटाळ, पैसे बुडवायचा डाव, असे त्याला वाटते आणि त्यात त्याची फारशी चूक नाही. त्याला दिसते तेवढेच. खोलीत जे चालले आहे ते असे: ती पहाटे उठते, मुलांचे डबे करते, वेण्या घालते, शाळेच्या रिक्षात बसवते. परत येऊन दार लावते आणि पसरलेल्या गादीवर तशीच आडवी होते. भांडी दुपारपर्यंत मोरीत. झोप रात्री येत नाही, दिवसा सुटत नाही. बँकेत जायचे, वहिनीला फोन करायचा, नव्या कामाचे विचारायचे, हे सगळे डोक्यात असते, पण उठवत नाही. शेजारीण म्हणते, फार टेन्शन घेते ती. आई फोनवर म्हणते, मन घट्ट कर. तिला स्वतःला विचारले तर सांगेल, ‘डोकंच चालत नाही.’ मानसोपचारतज्ज्ञाच्या खोलीत हे वाक्य लक्षण म्हणून लिहून घेतले जाते. निर्णय न घेता येणे, लक्ष न लागणे, सगळा दोष आपलाच वाटणे, दिवसाचा बराचसा भाग मन खचलेले असणे आणि हे दोन आठवड्यांहून अधिक टिकणे, याला नैराश्य म्हणतात. ते आळसासारखे दिसते, हा या आजाराचा सगळ्यात वाईट गुण.

अशा घरात एक पाकीट येते. कधी वकिलाची नोटीस, कधी समन्स. ती ते सही करून घेते आणि देवघराच्या फळीवर, विजेच्या बिलांखाली ठेवून देते. उघडत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण आमचे म्हणणे इथूनच सुरू होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999चा. तो 31 मार्च 2000पासून अमलात आहे. जुन्या पद्धतीच्या भाडेकरूला त्यात बऱ्यापैकी आधार आहे. भाडे थकले तर आधी लेखी मागणी, त्यानंतर 90 दिवस उलटल्याशिवाय दावा नाही. दावा लागून समन्स हाती पडल्यावरही 90 दिवसांत थकबाकी, तिच्यावर दरसाल 15 टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरून पुढचे भाडे चालू ठेवले, तर घर जात नाही. गिरगावातल्या किंवा सदाशिव पेठेतल्या आजोबांच्या वेळच्या खोलीला हे कवच आहे. आपल्या बाईला नाही. ती भाडेकरू नाहीच. कायद्याच्या लेखी ती ‘लिव्ह अँड लायसन्स’वाली. करार संपला की जागा सोडायची. न सोडल्यास ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई. मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे गेला, की तिने समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत प्रतिज्ञापत्र देऊन आपली बाजू मांडायची परवानगी मागायची. मागितली नाही, तर मालकाने अर्जात जे लिहिले ते तिला मान्य आहे असे धरले जाते.

तीस दिवस. नैराश्यावरची गोळी आज सुरू केली तर तिचा गुण यायला बहुधा दोन ते चार आठवडे जातात, काहींना त्याहूनही जास्त. म्हणजे ती आजच डॉक्टरकडे गेली, आजच औषध घेतले, तरी पाकीट उघडण्याइतके बळ येईपर्यंत मुदत सरत आलेली असते. आणि ती आज डॉक्टरकडे जात नाही. बंगळुरूच्या निम्हान्सने केलेल्या 2015-16च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सर्वसाधारण मानसिक विकार असलेल्या शंभरांतले सुमारे 85 जण उपचारांविना राहत असल्याचे आढळले होते.

बरे, कायदा अगदीच तिच्या विरोधात आहे असेही नाही. करार लेखी आणि नोंदणीकृत असावा, ही जबाबदारी मालकावर आहे. (अकरा महिन्यांची चाल नोंदणी चुकवण्यासाठी रुळली, या कायद्याने ती पळवाट बुजवली, तरी सवय तशीच राहिली.) नोंदणी केलीच नसेल तर कोणत्या अटींवर जागा घेतली याबद्दल, उलट सिद्ध होईपर्यंत, राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरतात. नवऱ्याने घराबाहेर काढले असेल तर 2005च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली दंडाधिकारी त्याला दुसरे घर द्यायला किंवा भाडे भरायला लावू शकतात. 1987च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. यातले काहीही आपोआप होत नाही. प्रत्येक हक्कासाठी कुणाला तरी सकाळी उठावे लागते, कागद काढावे लागतात, झेरॉक्स करावी लागते, रांगेत उभे राहून ‘तुमचं काय?’ या प्रश्नाला चार वाक्यांत उत्तर द्यावे लागते. नेमके तेच तिला येईनासे झालेले असते. धडधाकट माणसाला समोर धरून लिहिलेले हक्क आजारी माणसाच्या हाती लागत नाहीत.

पैशाची मदत? संजय गांधी निराधार अनुदान योजनेत विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता स्त्रीला महिन्याला 1,500 रुपये मिळतात, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत असेल तर. बाराने भागून पाहा: महिना 1,750. शहरात वन आरकेचे भाडे एकदा जरी भरू शकलेली बाई या अटीत बसणार कशी? लाडक्या बहिणीचे 1,500 येत असतील. ते किराणा आणि रिक्षात जातात.

घर गेल्यावर काय होते, याचा नीट माग अमेरिकेतल्या मॅथ्यू डेझमंड या समाजशास्त्रज्ञाने काढला आहे. रेचल किंब्रो यांच्यासोबत 2015 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याला दिसले, की घराबाहेर काढलेल्या आयांमध्ये निदान दोन वर्षांनंतरही नैराश्याचे प्रमाण इतर आयांपेक्षा जास्त राहते. नैराश्याने भाडे थकते, भाडे थकल्याने घर जाते आणि घर गेल्याने नैराश्य मुक्काम करते. आपल्याकडे त्यात मुलाची शाळा येते. शिक्षण हक्काच्या 25 टक्के जागांसाठी भाड्याने राहणाऱ्या पालकाकडे नोंदणीकृत करारनामा मागतात. घर सुटले की पुढच्या वर्षी धाकट्याच्या अर्जाला पत्ताच नसतो. माहेरच्या गावी जावे तर तिथे शाळा आहे, काम नाही, आणि ‘परत आली’ हे शब्द आहेत.

घरमालकाविषयीही दोन शब्द लिहायला हवेत, कारण त्याला खलनायक करणे सोपे आहे. या वस्त्यांतला मालक बिल्डर नसतो. निवृत्तीच्या पैशांतून एक खोली घेतलेला कारकून असतो, किंवा त्याच खोलीचा हप्ता त्याच भाड्यातून भरणारा तिच्यासारखाच चाकरमानी. चार महिने भाडे न आल्यावर त्याने धर्मादाय करावा, असे आम्ही म्हणणार नाही. एका बाईच्या आजाराची किंमत एकट्या घरमालकाच्या खिशातून वसूल करणे हे धोरण नव्हे.

पण मुदत देता येते, आणि ती आपण दिलेली आहे. 17 एप्रिल 2020 रोजी, टाळेबंदीत, राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना सूचना काढली: भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकला, थकले म्हणून कुणाला घराबाहेर काढू नका. तेव्हा संकट सगळ्यांवर होते म्हणून ते सरकारला दिसले. एकेकट्या घरात दार लावून बसलेले संकट दिसत नाही, एवढाच फरक. इंग्लंड आणि वेल्समध्ये 4 मे 2021पासून कर्जदाराला दम घ्यायला अवधी देणारी कायदेशीर व्यवस्था सुरू झाली. एरवी तो अवधी साठ दिवसांचा. मानसिक आजाराच्या तातडीच्या उपचारांखाली असलेल्या माणसाला मात्र उपचार चालू आहेत तोवर आणि वर तीस दिवस. थकलेले घरभाडेही त्यात येते. चालू महिन्याचे भाडे मात्र तिथेही भरावेच लागते. फुकट राहा असे कुणी म्हटलेले नाही. शिवाय तो अवधी मिळवून देण्यासाठी मानसिक आरोग्यातला अधिकृत जाणकार दाखला देतो. रुग्णाने स्वतः खेटे घालायचे नाहीत. आम्हाला त्या कायद्यातला हा भाग सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

आपल्याकडे 2017चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, जिल्ह्याजिल्ह्यात विधी सेवा प्राधिकरण आहे. तिन्हींची कार्यालये अनेकदा एकमेकांपासून रिक्षाच्या अंतरावर असतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत. सक्षम प्राधिकाऱ्याच्या समन्सला एक चिठ्ठी टाचायला काय लागते? तिच्यावर साध्या मराठीत तीन ओळी: तुमच्याकडे तीस दिवस आहेत, वकील मोफत मिळेल, 15100, तब्येतीमुळे हे झेपत नसेल तर 14416. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात केसपेपर लिहिताना ‘घर कुणाचं, भाडं थकलंय का?’ हा एक प्रश्न वाढवायला काय लागते? आणि डॉक्टरचा दाखला आला, तर ते तीस दिवस उपचार चालू असेपर्यंत थांबतील अशी दुरुस्ती विधिमंडळाने करावी. मालकाचे त्या काळातले नुकसान कल्याण निधीतून भरून द्यावे. हा खर्च फार मोठा नाही. बेघर झालेल्या आईला आणि दोन मुलांना निवाऱ्यात, वसतिगृहात, बालगृहात वेगवेगळे ठेवण्याचा खर्च सरकारने एकदा मांडून पाहावा.

एकट्या बापाचेही हेच होते, हे विसरलेलो नाही. बायको गेल्यावर दोन मुलांसह खोलीत उरलेला पुरुष तर रडतही नाही, नैराश्य आल्याचे कबूलही करत नाही. मोफत वकिलासाठी त्याला सहसा उत्पन्नाचा दाखला आणावा लागतो. तो बहुधा पिऊ लागतो आणि मग त्याला कुणी आजारी म्हणत नाही.

सरकार करील तेव्हा करील. तुमच्या मजल्यावर, चाळीत, मुलांच्या शाळेच्या फाटकाशी अशी एखादी बाई असेल, जी हल्ली बोलत नाही, जिचे दार दिवसा बंद असते आणि जिच्याबद्दल ‘भाडं थकलंय म्हणे’ असे कानावर आले आहे. तिला मन घट्ट करायला सांगू नका. चहा घेऊन जा, तिच्याजवळ बसा आणि ते पाकीट तिच्यासोबत उघडा. समन्स असेल तर ते हाती पडले त्या दिवसापासून तीस दिवस मोजा. 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झाला. तो चोवीस तास चालतो, फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते.