पोरं पळतात झकास, पण गणिताचं काय?

पहाटे पाचला आपल्या सातारा जिल्ह्यातल्या कुठल्याही रस्त्यानं जा, भरतीची तयारी करणारी पोरं पळताना दिसतील. कुणी अनवाणी, कुणी थोरल्या भावाचे बूट घालून. अपशिंगे मिलिटरीसारखी गावं ज्या जिल्ह्यात आहेत, तिथं फौजेची ओढ नवी नाही. ही ओढ चांगलीच. पण बारावीनंतर फौजेत जायच्या वाटा किती आणि कोणत्या, हे या पोरांपैकी किती जणांना ठाऊक आहे? बहुतेकांना एकच वाट माहीत असते, भरतीची. तीही जुन्या काळातली.

ही वाट २०२२ साली बदलली. आता शिपाई म्हणून थेट कायमची भरती होत नाही, अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी होते. पगार पहिल्या वर्षी महिना तीस हजार, चौथ्या वर्षी चाळीस हजार. त्यातले तीस टक्के दरमहा कापून निधीत जातात. सरकार तेवढीच भर घालतं आणि चार वर्षांनी व्याजासह सुमारे पावणेबारा लाख रुपये हाती येतात. मूळ योजनेनुसार पंचवीस टक्क्यांपर्यंत जवान पुढं कायम होतात. बाकीचे घरी परततात, पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. वाट वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही, पण बापानं आणि पोरानं हा हिशेब आधी समजून घ्यावा. आजोबांच्या पेन्शनीकडं बघून नातवाचं भवितव्य ठरवू नये.

क्रमही बदलला आहे. पूर्वी आधी मैदान, मग पेपर. २०२३ पासून आधी संगणकावर लेखी परीक्षा, आणि त्यात निवडला गेला तरच १.६ किलोमीटरची धाव. म्हणजे पहाटे कितीही पळा, पेपरात अडकलात तर मैदान दिसणारच नाही.

दुसरी वाट अधिकाऱ्याची. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजेच एनडीए, आपल्या दारात आहे. परीक्षा वर्षातून दोनदा होते. वय साडेसोळा ते साडेएकोणीस. भूदलासाठी बारावी कुठल्याही शाखेची चालते, नौदल आणि हवाई दलाला मात्र भौतिक, रसायन आणि गणित लागतं. तीन वर्षांचं शिक्षण सरकारी खर्चानं. त्यानंतर पुढचं लष्करी प्रशिक्षण पुरं केलं की भूदलात लेफ्टनंट, मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून.

मग आपल्या खेड्यांतून तिकडं जाणारी पोरं इतकी थोडी का? हुशारी कमी म्हणून नव्हे. लेखी परीक्षेच्या ९०० गुणांपैकी ३०० गणिताचे असतात. शाखा कोणतीही असो, हा पेपर चुकत नाही. आणि आपल्याकडं दहावी झाली रे झाली की पोरगं म्हणतं, 'गणित नको, आर्ट्‌स घेतो, म्हणजे भरतीला पळायला वेळ मिळेल.' दार तिथंच बंद होतं, पण त्याला ते कळतं बारावीनंतर. तोवर वय निघून चाललेलं असतं. फौजेत शिपाई की अधिकारी, हा निर्णय अकरावीच्या प्रवेश अर्जावरच अर्धाअधिक होऊन जातो.

ज्याची ऐपत नाही त्यानं काय करावं? राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून आहे. दहावीनंतर प्रवेश परीक्षा आणि मुलाखत घेऊन मुलं निवडतात, आणि अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत एनडीएची तयारी करून घेतात. मुलींसाठी अशीच संस्था २०२३ साली नाशिकला सुरू झाली. पोरींच्या बापांनीही हे नीट वाचावं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर एनडीएचं दार मुलींना उघडलं, आणि मे २०२५ मध्ये सतरा मुलींची पहिली तुकडी तिथून बाहेर पडलीसुद्धा.

एवढं असूनही गावोगावच्या अॅकॅडम्यांना लोक शेत गहाण टाकून फी भरतात. त्याहून वाईट म्हणजे 'साहेब ओळखीचे आहेत' म्हणणाऱ्या दलालाच्या हाती पैसे ठेवतात. भरतीत पैसे देऊन काम होत नाही, पैसे तेवढे बुडतात.

तेव्हा वाचकहो, काम अवघड नाही. हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी नववी-दहावीच्या वर्गात वर्षातून एक तास या वाटा समजावून सांगाव्यात. गावात निवृत्त सुभेदार, हवालदार आहेतच, त्यांना बोलवावं. ग्रामपंचायतीनं जाहिराती फळ्यावर लावाव्यात. आणि ज्याचं पोरगं दहावीला आहे, त्यानं आज संध्याकाळी त्याला एवढंच विचारावं, 'बाळा, पळतोस झकास, पण गणित सोडणार नाहीस ना?'