दरबारमंत्री तैमूरताश

इराणांत 1925 सालीं रेझाशहास गादीवर बसविणाऱ्या मुत्सद्द्यांत अब्दुलहुसेन तैमूरताश अग्रगण्य होता. हा खोरासानांतील बड्या जमीनदाराचा पुत्र. शिक्षण रशियांतील अश्वदळाच्या विद्यालयांत, फ्रेंच व रशियन अस्खलित. द्यूताचा मात्र भारी नाद. दरबारमंत्री झाल्यावर परराष्ट्रकारभार वस्तुतः त्याच्याच हातीं आला. इराणांतील परकीयांवर पूर्वीं इराणी न्यायालयांचा अंमल चालत नसे. ही सूट 1928 सालीं रद्द झाली, तींत त्याचें कर्तृत्व मोठें. त्याकरितां दावर या त्याच्या सहकाऱ्यानें नवीं न्यायालयें उभारलीं होतीं. वाचकहो, परकीयांवर अधिकार चालविणारीं तीं न्यायालयें राजासमोर मात्र मुकीं होतीं! इंग्रज तेलकंपनीशीं तैमूरताशानें कित्येक वर्षें वाटाघाटी चालविल्या. 1932 च्या नोव्हेंबरांत शहानें तिचा करारच मोडला, आणि पुढल्याच महिन्यांत संशयग्रस्त होऊन आपला हा उजवा हातही दूर केला. लांचलुचपतीच्या आरोपाखालीं त्यास शिक्षा झाली. 1933 च्या ऑक्टोबरांत तो तेहरानच्या कस्र कारागृहांत मरण पावला; तेथें त्याचा वधच झाला, असें बहुतेक इतिहासकार मानतात. दावरनेंही 1937 सालीं आत्महत्या केली. 1941 सालीं शहास राज्यत्याग करावा लागल्यावर कारागृहांतील ‘डॉक्टर’ अहमदी याजवर कैद्यांच्या खुनांचा खटला चालला व तो फांशीं गेला.