सायकल दिलीत, पाना कधी देणार?

मुलीला सायकल दिली की तिच्या शिक्षणाचा प्रश्न सुटला, असा एक सोयीचा समज आपल्याकडे रूढ झाला आहे. शाळेच्या मैदानात मांडव पडतो, नव्या कोऱ्या सायकली ओळीने उभ्या राहतात, पाहुण्यांचे सत्कार होतात, फोटो निघतो. सहा महिन्यांनी त्या सायकली कुठे आहेत, हे विचारायला मात्र कोणी फिरकत नाही. मी अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिण भागात किशोरवयीन मुलींच्या गटांबरोबर काम करते. मला विचाराल तर सांगते. ती सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकलेली असते, दोन्ही टायर बसलेले. नाहीतर मुलीचा भाऊ तिच्यावर कॅन अडकवून डेअरीला दूध घालायला गेलेला असतो. आणि मुलगी? ती पायी जाते. दहावीनंतर बऱ्याचदा जातच नाही.

हा विषय काही मैत्रिणींना किरकोळ वाटेल. हुंडा, मारहाण, बालविवाह, पोटगी एवढे सगळे समोर असताना पंक्चर आणि सीटच्या उंचीवर काय लिहायचे? मला उलट वाटते. बाईला कुठे, किती वाजता आणि कोणाच्या परवानगीने जाता येते, यावर बाकीच्या सगळ्या हक्कांचा पाया उभा आहे. म्हणून हा विषय मांडते आहे.

आधी अंतराचे पाहू. शिक्षण हक्क कायद्याची हमी आठवीपर्यंतची, म्हणजे वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंतची. त्यानंतरचे हायस्कूल मोठ्या गावात, ज्युनिअर कॉलेज तालुक्याला. वाडी-वस्तीवरून हमरस्त्यापर्यंतच दोन-तीन किलोमीटर चालायचे. एसटीत मुलींना बारावीपर्यंत मोफत पास आहे, आणि त्या योजनेला नावही अहिल्याबाई होळकरांचेच आहे. पण पास फुकट असून गाडीच येत नसेल तर त्याचा उपयोग काय? सकाळची गाडी चुकली की दिवस बुडतो. संध्याकाळची चुकली की घरी बोलणी बसतात, आणि चार वेळा बोलणी बसली की शाळा बंद होते. एसटी तिच्या वेळेने धावते, सायकल मुलीच्या वेळेने निघते. घरातल्यांना सायकलची भीती वाटते ती नेमकी याच कारणाने.

सायकलने काय होते, हे आता अनुभवाने सिद्ध झालेले आहे. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात 1991 नंतरच्या साक्षरता मोहिमेत जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी सायकल शिकणे हा मोहिमेचाच भाग केला. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याची हकिकत लिहून ठेवली आहे. लाखाहून अधिक ग्रामीण बायका सायकल शिकल्या. त्यात शेतमजूर होत्या, दगडखाणीत काम करणाऱ्या होत्या, अंगणवाडीताई होत्या. लेडीज सायकली पुरेनात तेव्हा त्यांनी बेधडक जेन्ट्स सायकली घेतल्या. काहींना तर ती मधली दांडीच सोयीची वाटली, कारण तिच्यावर पोराला बसवता येते! त्या बायका कोणाची वाट न पाहता बाजार, पाणी, मजुरी आणि मुलांची शाळा एका फेरीत उरकू लागल्या.

दुसरा दाखला बिहारचा. तिथे 2006 साली नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांचा तिच्यावरचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे 32 टक्क्यांनी वाढले. मुलगे आणि मुली यांच्यातली तफावत सुमारे 40 टक्क्यांनी घटली. शाळा तीन किलोमीटरहून लांब असलेल्या गावांत हा फरक सर्वांत जास्त दिसला.

आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून मागास म्हणून निवडलेल्या 125 तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. ही रक्कम 2022 मध्ये 3,500 वरून 5,000 रुपये झाली. चांगलेच झाले. पण सायकल निवडायची कोणी, तिच्या उंचीला बसवायची कोणी, बिघडली तर दुरुस्त करायची कोणी, हे प्रश्न मी हजर राहिलेल्या एकाही वाटपाच्या कार्यक्रमात निघाले नाहीत.

या सगळ्यांचे उत्तर ठरलेले असते: दुकानदार. म्हणून आता दुकानाकडे वळू.

तालुक्याच्या गावातले सायकलचे दुकान म्हणजे पुरुषांचा कट्टा. हवा भरायला आलेले, चहा प्यायला बसलेले, नुसतेच बसलेले. मुलगी सायकल हाताने ओढत तिथे येते तेव्हा आठ-दहा नजरा तिच्यावर वळतात. एकदा अकरावीतल्या एका मुलीबरोबर मी अशाच एका दुकानात गेले. सायकल तिची, पैसे तिच्या खात्यात आलेले. सोबत तिचे वडील होते. दुकानदार पहिल्यापासून शेवटपर्यंत वडिलांशी बोलत होता. मुलीने विचारले, "काका, सीट वर करून द्याल का? गुडघे दुखतात." तो तिच्या वडिलांना म्हणाला, "दादा, पोरीची सायकल हाये. दोन्ही पाय टेकले पाहिजेत. पडली-बिडली तर उद्या तुम्हीच मला बोलाल." मी मध्ये पडले तेव्हा, "ताई, तुम्ही शहरातल्या सायकली बघितल्या असतील," असे म्हणून तो हसला. पाना त्याच्या हातात होता. दोन मिनिटांचे काम. त्याने ते केले नाही.

त्या माणसाला मी दुष्ट म्हणणार नाही. 'दोन्ही पाय टेकले पाहिजेत' या वाक्यात मात्र आपल्या मुलींना वाढवण्याची सगळी रीत आलेली आहे. पडू नये म्हणून उंच जाऊ नये. हीच रीत शरीरावर कशी उठते ते पाहा.

सीट इतकी खाली असली की बसल्या बसल्या दोन्ही तळवे जमिनीला टेकतात, पण मग पायडल मारताना गुडघा कधीच सरळ होत नाही. सगळा भार गुडघ्यावर येतो, मांडीतली ताकद वाया जाते, आणि पाच किलोमीटरला दहाचा दम लागतो. बरोबर उंची ठरवायला कोणी तज्ज्ञ लागत नाही. मैत्रिणीला सायकल धरायला सांगा. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा आणि पायडल अगदी खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा पायडलवर ठेवला की गुडघा किंचित वाकलेला राहतो. हीच आपली उंची. थांबताना सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकायचा. दोन दिवसांत सवय होते. ज्या मुलींना अजून तोल सांभाळता येत नाही, त्यांनी शिकेपर्यंत सीट खाली ठेवावी आणि तोल आला की वर करावी.

ब्रेकचेही तसेच. 'पुढचा ब्रेक दाबू नकोस, उलटशील' एवढेच मुलींना सांगितले जाते. मग उतारावर एकटा मागचा ब्रेक दाबून चाक घसरते. दोन्ही ब्रेक हलके, एकत्र, आणि उतार सुरू होण्याआधीपासून दाबायचे. खडीवर वळताना पुढचा करकचून दाबायचा नाही. गळितहंगामात आपल्या रस्त्यांवर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर येतात, त्यांना वाट देताना सायकल साइडपट्टीच्या खडीत उतरवावी लागते. तेव्हा हे ज्ञान जीव वाचवते. ओढणी कमरेला बांधा, चेनकव्हर निघाले असेल तर बसवून घ्या. टायर अंगठ्याने दाबला तर दबता कामा नये. हवा कमी असली की कष्ट वाढतात आणि आपल्याला वाटते, आपल्यातच ताकद नाही.

ताकदीचा मुद्दा सोडता येणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. म्हणजे निम्म्याहून जास्त. शहरात आता सायकल फिटनेससाठी चालवतात. डोक्यावर हेल्मेट, हातात घड्याळ, पहाटेची फेरी, मग भरपेट नाश्ता. आमची मुलगी पहाटे पाणी भरते, शेण काढते, भाकरी थापते आणि उरलेल्या ताकदीवर सायकल मारते. घरी सगळ्यांच्या मागून जेवते. तिला दम लागला की सायकल झेपत नाही असा निष्कर्ष निघतो. ताटातले काय झेपत नाही, याची चौकशी होत नाही. सायकल चालवणे शरीराला चांगलेच आहे, पण लोहाच्या गोळ्या, पोटभर जेवण आणि कामाची वाटणी या गोष्टी तिच्या जोडीला हव्यात.

आणि ती जुनी भीती, जी आया मुलींच्या कानात सांगतात: सायकलने 'तसले काही' फाटते, मग लग्नात अडचण येते. हे स्पष्ट बोलले पाहिजे. योनीपटल प्रत्येकीचे वेगळे असते आणि त्यावरून कौमार्य ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये कौमार्य चाचणीला शास्त्रीय आधार नाही हे सांगून ती बंद करण्याचे आवाहन केले. सायकल म्हटली की बाईच्या शरीराचा बाऊ करायचा, हे काही आपल्याच देशातले नाही. 1890 च्या दशकात युरोप-अमेरिकेतले डॉक्टर सायकलने बायकांचा चेहरा कायमचा विद्रूप होतो असे सांगत होते! पाळीतही सायकल चालवता येते. त्रास होत असेल त्या दिवशी चालवू नये, एवढेच.

आता सर्वांत अवघड मुद्दा, जो आपल्या जिल्ह्यात टाळताच येत नाही. 13 जुलै 2016 रोजी कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत एका शाळकरी मुलीवर बलात्कार करून तिचा खून करण्यात आला. ती सायकलवरून आजोबांच्या घरी मसाला आणायला गेली होती, असे तेव्हा वृत्तपत्रांत आले होते. राज्यभर लाखोंचे मोर्चे निघाले. पण घराघरांत त्या घटनेचा एक दुसराही अर्थ लावला गेला: पोरीला सायकलवर एकटी सोडू नका. त्यानंतर कितीतरी मेळाव्यांत मुलींनी मला सांगितले, "ताई, कोपर्डी झाल्यापासून माझी सायकल भाऊच चालवतो."

पण त्याआधी ऑगस्ट 2014 मध्ये पारनेर तालुक्यातल्या लोणी मावळ्यात जी मुलगी मारली गेली, ती शाळेतून घरी परतत होती. तिथे सायकलचा संबंध नव्हता. नोव्हेंबर 2017 मध्ये नगरच्या न्यायालयाने दोन्ही खटल्यांत प्रत्येकी तिघांना फाशीची शिक्षा सुनावली. या दोन घटनांत समान काय आहे? सामसूम रस्ता, मुलगी एकटी असल्याचे पाहून हात टाकायला धजावलेले पुरुष, आणि आपल्याला कोणी जाब विचारणार नाही ही त्यांची खात्री. सायकल हे त्याचे कारण नाही. सायकल काढून घेतल्याने तोच रस्ता मुलीला पायी, तिप्पट वेळ चालावा लागतो. आणि घरी बसवल्याने काय होते, तेही आपण पाहतो. त्याच पाहणीनुसार राज्यातल्या 20 ते 24 वयाच्या 21.9 टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली होती. पाथर्डी-जामखेडकडून आईबाप ऊसतोडीला गेले की मागे राहिलेल्या मुलीची 'जबाबदारी नको' म्हणून लग्न उरकतात. त्याला सुरक्षितता म्हणायचे का? गुन्हा पुरुषाने करायचा आणि चाक मुलीचे थांबवायचे, हा न्याय आपण मान्य करता कामा नये.

तेव्हा मागण्या ठरवून घेऊ.

एक, सायकलबरोबर प्रत्येक मुलीला पाना, पंप आणि पंक्चरचे साहित्य मिळाले पाहिजे. वाटपाच्या दिवशीच सीट तिच्या मापाने बसवून दिली पाहिजे.

दोन, प्रत्येक हायस्कूलमध्ये मुलींना दुरुस्तीचे शिक्षण द्यावे. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडा शोधणे, काचकागदाने घासणे, सोल्यूशन लावून ते सुकू देणे आणि ठिगळ दाबून बसवणे, यात मुलीला न जमण्यासारखे काय आहे? जी विहिरीवरची मोटार सुरू करते, ती बाभळीचा काटा काढू शकते.

तीन, बचत गटांनी हवा-पंक्चरची दुकाने काढावीत. शाळेच्या वाटेवर बाईचे दुकान असले की मुलीला थांबायला हक्काची जागा मिळते आणि सामसूम रस्त्यावर एक जागता डोळाही राहतो.

चार, शाळेच्या वाटांवर दिवे, गळितहंगामात ट्रॉल्यांना मागून रिफ्लेक्टर आणि शाळा भरता-सुटताना पोलिसांची गस्त यांसाठी ग्रामसभेत ठराव करून घ्यावेत.

पाच, मुलीच्या नावावरची सायकल भावाने नेली तर घरात त्यावर भांडावे. हे भांडण क्षुल्लक नाही. मालमत्तेच्या हक्काचे ते पहिले भांडण आहे.

2024 मध्ये आपल्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. चौंडीत जन्मलेल्या त्या बाईने राज्य चालवले. याच नगरात सावित्रीबाई फुले अध्यापनाचे शिक्षण घ्यायला आल्या होत्या. अशा दोघींचा वारसा सांगणाऱ्या जिल्ह्यात मुलीने सीट वर करून मागितली तर तिला हसू नये, एवढी तरी अपेक्षा धरायची की नाही?

पुढच्या महिन्याच्या गटाच्या बैठकीत सतरंजीवर एक सायकल उलटी करून ठेवा आणि पाना फिरता राहू द्या. प्रत्येकीच्या हातात तो एकदा तरी आला पाहिजे.