दोष कोणाचा?

'संपूर्ण गुणवत्ता' हे शब्द आतां आपल्याकडे इतके रुळले आहेत कीं, कारखाने, बँका, रुग्णालयें, इतकेंच काय परंतु शाळा यांच्याहि दारांवर त्यांचा फलक झळकतांना दिसतो. फलकावर एक प्रतिज्ञा असते, तिच्याखालीं व्यवस्थापकांची सही असते, आणि आंतील काम बहुधा पूर्वीप्रमाणेंच चाललेलें असतें. ज्यांच्या शिकवणुकींतून हा विचार मुख्यत्वेंकरून फैलावला, त्यांनींच कामगारांपुढें घोषवाक्यें टांगूं नका असें बजावलें होतें, ही गोष्ट फलक लावणारांच्या कानीं गेलेली दिसत नाहीं.

हे गृहस्थ म्हणजे अमेरिकेंतील संख्याशास्त्रज्ञ विल्यम एडवर्ड्‌स डेमिंग (१९००–१९९३). युद्धानें होरपळलेल्या जपानांत ते १९४७ सालीं शिरगणतीच्या कामीं साहाय्य करण्यास गेले, आणि १९५० सालीं तेथील शास्त्रज्ञ व अभियंते यांच्या संघाच्या निमंत्रणावरून व्याख्यानें देण्यास पुन्हां गेले. 'जपानी माल' म्हणजे स्वस्त व तकलादू अशी त्या काळीं समजूत होती. छापील व्याख्यानांचें मानधन डेमिंग यांनीं घेतलें नाहीं. त्या पैशांतून १९५१ सालीं त्यांच्याच नांवें पारितोषिक सुरू झालें. पुढें जपानी मालानें काय कीर्ति मिळविली, तें वाचकांच्या घरांतील वस्तूच सांगतील.

डेमिंग पुढें आपल्या वर्गांत एक खेळ करीत. एका पेटींत ३,२०० पांढरे व ८०० तांबडे मणी मिसळलेले असत. श्रोत्यांपैकीं सहा जणांनीं कामगार व्हावयाचें. पन्नास खळगे असलेली फळी पेटींत बुडवून प्रत्येकानें पन्नास मणी काढावयाचे. गिऱ्हाइकास हवे फक्त पांढरे. डेमिंग स्वतः मुकादम होत. ज्याच्या फळीवर तांबडे कमी, त्याची पाठ थोपटावयाची. ज्याच्या फळीवर अधिक, त्याची सर्वांदेखत खरडपट्टी काढावयाची. दुसऱ्या फेरींत पहिला गुणवान् घसरे, पहिला दोषी वर चढे, आणि मुकादम गंभीरपणें म्हणे कीं, एकाच्या डोक्यांत स्तुति गेली नि दुसऱ्यास शिक्षेचा गुण आला! श्रोते हंसत. पण पेटींत पंचमांश मणी तांबडे असले म्हणजे पन्नासांत सरासरीनें दहा तांबडे यावयाचेच. कधीं सहा, कधीं चौदा. फळी बुडविणाराच्या निष्ठेशीं त्याचा सुतराम् संबंध नाहीं. पेटींत मणी कोणीं भरले हें विचारावयास हवें, आणि भरणारा तर वरच्या खुर्चीवर बसलेला! एकूण अडचणींपैकीं शेंकडा ९४ पद्धतीच्या पोटांतल्याच असतात, असा डेमिंग यांचा अंदाज होता. नित्याचा चढउतार कोणता आणि विशेष कारणानें झालेला बिघाड कोणता, हें आलेखावर रेषा आखून ओळखण्याची युक्ति वॉल्टर श्यूहार्ट यांनीं १९२४ सालींच काढली होती. डेमिंग त्यांना गुरुस्थानीं मानीत.

त्यांच्या चौदा सूत्रांपैकीं आम्हांस सर्वांत मोलाचें वाटतें तें भीति घालवून देण्याचें. शिक्षकी पेशांत आयुष्य गेल्यामुळें असेल, पण भीतीनें आंकडे कसे सुधारतात तें आम्ही पाहिलें आहे. आमच्या माहितींतील एका शाळेंत, ज्याच्या वर्गांत नापासांची संख्या अधिक त्या शिक्षकाकडून लेखी खुलासा घेण्याची प्रथा पडली. पुढल्याच वर्षीं निकाल एकदम उजळला. तपासणी-अधिकारी संतुष्ट झाले. ज्यांस चार ओळी धड वाचतां येत नव्हत्या तीं मुलें मात्र तशींच वरच्या वर्गांत बसलीं, आणि त्यांना वाचतां येत नाहीं हें सांगणारा एकहि कागद शाळेंत उरला नाहीं.

टोयोटाच्या मोटार-कारखान्यांत याच्या नेमकें उलट घडतें. त्या घराण्याचे मूळपुरुष साकिची टोयोडा यांचा १९२४ चा माग सूत तुटतांच आपोआप थांबत असे, म्हणजे सदोष कापड पुढें विणलेंच जात नसे. तेंच तत्त्व मोटारींच्या कामांत आलें. कामगाराच्या डोक्यावर दोरी टांगलेली असे. दोष दिसतांच त्यानें ती ओढावी, वरिष्ठानें धांवत यावें, आणि तेवढ्यांत दोष निघाला नाहीं तर सारी रांग थांबावी. मग तेथील ताइइची ओनो यांच्या शिकवणीप्रमाणें पांच वेळां 'कां?' विचारावयाचें. यंत्र कां थांबलें? भार वाढून फ्यूज उडाला. भार कां वाढला? बेअरिंगला तेल पुरेसें नव्हतें. कां? पंप तेल ओढीत नव्हता. कां? त्याचा दांडा झिजला होता. कां? गाळणी नसल्यामुळें धातूचा कीस आंत गेला होता. दुसऱ्याच उत्तरावर थांबला असता तर तेलवाल्या पोराचा पगार कापला जाता. ('निदान' या शब्दाचा वैद्यकांतील अर्थ मूळ कारण असा आहे; आपण मात्र 'निदान एवढें तरी करा' म्हणण्यापुरताच तो बहुधा वापरतों.) अशा बारीक सारीक, पण नित्य चालणाऱ्या सुधारणेस जपानी लोक काइझेन म्हणतात.

हें सारें परक्यांनाच साधतें असें कोणी म्हणूं नये. प्राध्यापक महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून स्वतः श्यूहार्ट १९४७–४८ सालीं कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेंत आले होते, म्हणजे डेमिंग यांच्या जपानांतील त्या व्याख्यानांच्याहि आधीं! तरी डेमिंग-पारितोषिक पहिल्या भारतीय कंपनीस, दक्षिणेंतील सुंदरम् क्लेटनला, मिळावयास १९९८ साल उजाडलें. आमच्या मुंबईच्या महिंद्र कंपनीच्या ट्रॅक्टर-विभागास तें २००३ सालीं मिळालें. मधल्या पन्नास वर्षांत आपण फलक किती रंगविले असतील, देव जाणे.

असो. आमच्या वाचकांपैकीं कितीएक जण कार्यालयांतून, रुग्णालयांतून, शाळांतून अधिकारावर आहेत. आपल्या हाताखालच्या परिचारिकेस, कारकुनास वा शिपायास ओढतां येईल अशी एखादी दोरी त्यांच्याकडे असेल, तर गेल्या वर्षांत ती कितीदां ओढली गेली, आणि ओढणाराचें पुढें काय झालें, हें त्यांनीं आम्हांस अवश्य कळवावें.