संघ नंतर, आधी लेदरचे सामने

मा. सचिव,
भारतीय क्रिकेट नियामक मंडळ, मुंबई यांस,



रणजी करंडकात आज 38 संघ खेळतात. दादरा-नगर हवेली आणि दमण-दीवचा त्यांत नाही. मागायचाच म्हटला तर दाखले आहेत. 2011च्या जनगणनेत आमच्या दोन्ही प्रदेशांची मिळून लोकसंख्या सुमारे 5 लाख 87 हजार, सिक्कीमची 6 लाख 10 हजार. सिक्कीम 2018-19 पासून रणजी खेळतो. चंडीगड केंद्रशासित, त्याला 2019 मध्ये मान्यता मिळाली. गोवा 1985-86 मध्ये रणजीत उतरला तेव्हा तोही केंद्रशासितच होता, आणि दमण-दीव त्याच्याच पदरी होते. 1987 मध्ये गोव्याचं राज्य झालं, संघ अर्थातच गोव्याकडे राहिला.

तरीही मी संघ मागत नाही. सिक्कीमच्या पहिल्याच मोसमात मिलिंद कुमारने 1331 धावा काढल्या, देशात सर्वाधिक. धावा सिक्कीमच्या खात्यावर, घडण दिल्लीची. तसला संघ घेऊन आम्ही काय करू?

प्रादेशिक संघटनेची कसोटी 12-13 वर्षांच्या पोरापाशी लागते. दादरा-नगर हवेलीतल्या वासोण्यात, खानवेलला टेनिस बॉलवर यॉर्कर टाकणारी पोरं खंडीभर सापडतील. पण लेदर हातात आला की सगळंच बदलतं: पॅड लागतात, मॅटिंग लागतं, पंच लागतो, धावफलक लिहिणारा लागतो. विजय मर्चंट करंडक 16 वर्षांखालच्यांचा. तिथल्या निवडीआधी पोराच्या गाठीशी दोन-तीन मोसमांचे नोंद झालेले सामने हवेत. वयाची नोंदही वेळेवर हवी, नाहीतर दाखल्यातल्या तारखेवरून चांगला गोलंदाज घरी बसतो.

सीमेपलीकडचं डहाणूचं वारली पोर मुंबईच्या संघटनेत मोडतं. पालघरचा शार्दूल ठाकूर लोकल पकडून मुंबईला जायचा. वाट लांब होती, पण कुठे जाते हे ठाऊक होतं. खानवेलच्या वारली पोराने कोणाचं दार ठोठवावं? वलसाडच्या मैदानावर गुजरातचे रणजी सामने झालेत, ते जवळ. पण गुजरातच्या संघटनेचं अहमदाबाद साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे.

तेव्हा मंडळाने जाहीरपणे सांगावं की इथल्या मुलामुलींची जबाबदारी कोणत्या संघटनेची आणि तिने ती पाळली का, हे दरवर्षी कोण तपासणार. तिच्या निधीतला ठरावीक हिस्सा इथल्या लहान वयोगटांच्या लेदर सामन्यांसाठीच बांधून द्यावा. निवड चाचण्या सेलवासला आणि निदान एक खानवेलला व्हावी. 2020 मध्ये कागदावर दमण आणि आम्ही एक झालो, पण समुद्रकाठची चाचणी त्यामुळे डोंगराकडे सरकत नाही. वासोण्याच्या सफारीत सिंह पाहायला बाहेरून गाड्या भरभरून लोक येतात. रस्ता चांगला आहे, निवडसमितीलाही अडचण पडू नये.

उत्तर मराठीत, गुजरातीत, हिंदीत, कसंही चालेल. फक्त त्यात संघटनेचं नाव आणि पालकांनी जायचं कुठे तो पत्ता असावा.

कळावे,
वासोण्याचा एक क्रिकेटवेडा