दातांची सफाई झाली, पुढे काय?

मी डॉक्टर नव्हे, सॉफ्टवेअर इंजिनिअर. तरीही एक मत आग्रहाने मांडतो. हिरड्यांच्या विकारावर दातांच्या मुळांची खोल सफाई झाली की आपली मंडळी उपचार संपला असे समजतात. वास्तविक हिरड्या भरून येण्याचे काम तेव्हा कुठे सुरू होते.

नेदरलँड्समध्ये प्रौढांचे बहुतेक दंतोपचार मूळ आरोग्यविम्यात बसत नाहीत. पूरक विमा नसेल तर हयगयीचे पैसे आपल्याच खिशातून, तेही दुसऱ्यांदा जातात.

पहिले काही दिवस मऊ ब्रश वापरावा; चकली, फुटाणे, झणझणीत रस्सा टाळावा. कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या चुळा भराव्यात. दुखते म्हणून दात घासणे मात्र सोडू नये. साचलेल्या थरातील जंतूंमुळे हिरड्या पुन्हा सुजतात. तंबाखू आणि वाढलेली साखर, दोन्हींमुळे हिरड्या भरायला वेळ लागतो. म्हणून सिगारेट, मिश्री बंद आणि मधुमेहींची साखर आटोक्यात हवी.

साधारण तीन महिन्यांनी फेरतपासणीत हिरडी आणि दात यांमधील फटींची खोली पुन्हा मोजतात. ही भेट टाळून वाचवलेले युरो महागात पडतात. चाचणी घेतल्याशिवाय आम्ही प्रोग्रॅम ग्राहकाच्या हाती देत नाही; हिरड्यांनाही तोच नियम लावावा.